सेनापतीने कोरविलेला विजय



श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाची दृष्टी प्रथम वर जाते. सुमारे 57 फूट उंचीच्या त्या एकसंध पाषाणमूर्तीचे मुखमंडल पाहण्यासाठी मान उंचवावीच लागते. मराठी भाषकाने मात्र एकदा खाली, चरणांच्या बाजूलाही पाहावे. तेथे देवनागरी अक्षरांत कोरलेले आहे : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. चामुंडरायांनी ही मूर्ती करविली, एवढाच त्याचा अर्थ. याच आशयाची वाक्ये तेथे कन्नड आणि तमिळ भाषांतही आहेत. मराठी अक्षरे मूर्तीच्याच काळातील की सुमारे सव्वाशे वर्षांनंतरची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जुन्या मराठीच्या आद्य शिलालेखांत त्यांची गणना होते.

ज्यांच्या नावाने आपल्या मायबोलीने शिळेवर पहिली पावले टाकली, ते चामुंडराय कोण होते? 'मूर्तीचे निर्माते' हे उत्तर आपल्या घरातील लहान मूलही देईल. परंतु मूर्तीची प्रतिष्ठापना होईपर्यंत त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रणांगणावर गेला होता. ते गंग राज्याचे मंत्री आणि सेनापती होते. प्रस्तुत लेखात आपण या सेनापतीकडे पाहणार आहोत, कारण त्यांना समजून घेतल्यावाचून त्यांनी बाहुबलींचीच मूर्ती का करविली, हे नीट उमगत नाही.

राज्य आणि रणांगण

कावेरीकाठच्या तलकाड येथे गंग घराण्याची राजधानी होती. दहाव्या शतकात गंग राजे मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक आणि निकटचे आप्तही होते. 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने चोळांचा पराभव केला, तो गंग राजा दुसरा बूतुग याच्या साहाय्याने. याच बूतुगाचा पुत्र दुसरा मारसिंह हा 963 च्या सुमारास गादीवर आला. ब्रह्मक्षत्र कुळात जन्मलेल्या चामुंडरायांची सेवा प्रामुख्याने याच्या आणि पुढे चौथ्या राचमल्लाच्या कारकिर्दीत झाली.

त्यांच्या पराक्रमाची नोंद आपल्याला त्यांच्या पदव्यांतून मिळते, आणि त्या पदव्या कशा मिळाल्या हेही सांगितलेले आहे. खेडगच्या युद्धात वज्जलदेवाचा पराभव केल्याबद्दल 'समरधुरंधर', नोळंबांशी झालेल्या संघर्षात गोनूरच्या मैदानावर दाखविलेल्या शौर्याबद्दल 'वीरमार्तंड', उच्चंगीच्या किल्ल्यावरील लढाईबद्दल 'रणरंगसिंग'. आजच्या सेनेत छातीवरील पदकांवरून अधिकाऱ्याचा सेवाकाळ वाचता येतो, तशीच ही पदव्यांची माळ आहे.

या माळेतील एक मणी मात्र वेगळा आहे. 'समरपरशुराम' ही पदवी चामुंडरायांना राज्याच्या शत्रूला जिंकून मिळालेली नाही. त्यांचा धाकटा भाऊ नागवर्मा याला ज्या योद्ध्याने मारले, त्याचा वध केल्याबद्दल ती मिळाली. परशुरामाचे नाव सुडाशी जोडलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पदवीचा अर्थ पुरेसा स्पष्ट होतो. वाचकांनी हा मणी ध्यानात ठेवावा. त्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

एका युगाचा अस्त

चामुंडरायांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ 973 नंतर आला. त्या वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली. ज्या साम्राज्याच्या आधाराने गंग राज्य उभे होते, ते दोन-अडीच शतकांच्या वैभवानंतर कोसळले. मारसिंहाने आपला आप्त चौथा इंद्र याला राष्ट्रकूट गादीवर बसविण्याचा प्रयत्न केला, परंतु काळाचा प्रवाह फिरला नाही. 'नोळंबकुलांतक' म्हणजे नोळंबांच्या कुळाचा अंत करणारा, असे बिरुद मिरविणाऱ्या या राजाने अखेर राज्यत्याग केला आणि 974 च्या सुमारास बंकापूर येथे आचार्य अजितसेनांच्या चरणी तीन दिवसांचे व्रत करून सल्लेखनापूर्वक देह ठेवला.

आचार्य अजितसेन हे चामुंडरायांचेही गुरू. ज्या राजासाठी तलवार चालविली, तोच राजा तलवार खाली ठेवून गुरूंच्या सन्निध शांतपणे निघून गेला. मागे राहिले ते डळमळीत राज्य, गादीभोवतीची अशांतता आणि ते सांभाळण्याची जबाबदारी. त्या जबाबदारीचा मोठा भार चामुंडरायांच्या खांद्यावर आला. राचमल्लाच्या राज्यात शांतता टिकली, यात त्यांचा वाटा मोठा होता. मनात आणले असते, तर दुबळ्या झालेल्या गादीवर बलवान सेनापतीला स्वतःच बसता आले असते. इतिहासात असे अनेकदा घडले आहे. चामुंडराय मात्र अखेरपर्यंत मंत्री आणि सेनापतीच राहिले.

श्रावक आणि शस्त्र

येथे आपल्या समाजात वारंवार विचारला जाणारा प्रश्न उभा राहतो. अहिंसा हा ज्याचा परम धर्म, तो श्रावक सेनापती कसा होऊ शकतो?

आपल्या आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. स्वयंपाक, झाडलोट, घरबांधणी यांत होणारी ती आरंभी. शेती, व्यापार, कारखानदारी यांत होणारी ती उद्योगी. स्वतःच्या, आश्रितांच्या वा राज्याच्या रक्षणासाठी आक्रमकाचा प्रतिकार करताना होणारी ती विरोधी. आणि बुद्धिपुरस्सर, द्वेषाने वा लोभाने केलेली ती संकल्पी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तीन शक्य तितक्या मर्यादित ठेवाव्यात, असा अणुव्रताचा मार्ग आहे.

या वर्गीकरणाचा आधार घेऊन आपण पुष्कळदा स्वतःची सुटका करून घेतो. 'विरोधी हिंसा श्रावकाला वर्ज्य नाही' हे एक वाक्य पाठ केले, की सेनापतीचा प्रश्न मिटला. 'उद्योगी हिंसा अटळ आहे' हे दुसरे वाक्य पाठ केले, की दुकानदाराचा आणि कारखानदाराचा प्रश्न मिटला. परंतु गृहस्थाला जी हिंसा टाळता येत नाही, ती त्यामुळे निर्दोष ठरत नाही. कर्मबंध होतोच, भावांच्या तीव्रतेप्रमाणे तो कमी वा अधिक होतो, इतकेच. व्यापारी कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. अपरिहार्य खर्चदेखील वहीत खर्चाच्याच बाजूला लिहावा लागतो. तो जमेच्या बाजूला कोणी मांडत नाही.

आता त्या वेगळ्या मण्याकडे येऊ. राज्याच्या रक्षणासाठी गोनूरला केलेले युद्ध विरोधी हिंसेत बसेल. भावाच्या मारेकऱ्याचा वध कोठे बसतो? त्यात राज्यरक्षणाचा काही भाग असेलही, पण 'समरपरशुराम' हे नावच सांगते, की लोकांनी तो सूड मानला. सूड ही मनात योजून केलेली कृती आहे. चार प्रकारांच्या या चौकटीत ती संकल्पी हिंसेच्या उंबरठ्यावर उभी राहते. चामुंडरायांसारख्या शास्त्राभ्यासकाला हे कळत नव्हते, असे म्हणणे कठीण आहे. म्हणूनच त्यांच्या उत्तरायुष्याकडे अधिक बारकाईने पाहावेसे वाटते.

घरातील मुलाने किंवा मुलीने खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची इच्छा व्यक्त केली, तर आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा पहिला शब्द 'हिंसा' हा असतो. ही चिंता खोटी नाही. पण तीच चिंता आपल्या गोदामाविषयी, कामगारांच्या तासांविषयी, मालाच्या उगमाविषयीही तेवढ्याच प्रामाणिकपणे वाटते काय, हे पाहिले पाहिजे. चामुंडरायांचे जीवन या दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारते : जे करावे लागले, त्याचा हिशेब तुम्ही स्वतःपाशी ठेवता का?

लेखणी आणि गुरुचरण

978 मध्ये, म्हणजे मारसिंहाच्या देहत्यागानंतर अवघ्या काही वर्षांत, चामुंडरायांनी 'त्रिषष्टिलक्षण महापुराण' हा कन्नड गद्यग्रंथ पूर्ण केला. तो 'चामुंडराय पुराण' या नावाने प्रसिद्ध आहे. आचार्य जिनसेन आणि गुणभद्र यांच्या संस्कृत महापुराणातील त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे त्यांनी सामान्य वाचकाला समजतील अशा गद्यात आणली. कन्नडमधील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या गद्यग्रंथांत त्याचे स्थान आहे. पंडितांची भाषा संस्कृत आणि कवींची आवड पद्य, अशा काळात एका सेनापतीने लोकभाषेतील साधे गद्य निवडले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. श्रावक आणि मुनी यांच्या आचारावरील 'चारित्रसार' हा संस्कृत ग्रंथही त्यांच्या नावावर आहे.

सिद्धांतचक्रवर्ती आचार्य नेमिचंद्र यांच्याकडे त्यांनी सिद्धांताचा अभ्यास केला. चामुंडरायांचे घरगुती नाव 'गोम्मट' असे होते. त्यांच्या जिज्ञासेसाठी आचार्यांनी आगमांचे सार सांगणारा ग्रंथ रचला आणि त्याला 'गोम्मटसार' हे नाव दिले, असे परंपरा सांगते. त्याचे दोन भाग आहेत : जीवकांड आणि कर्मकांड. आजही आपल्या स्वाध्याय मंडळांत हा ग्रंथ वाचला जातो. ज्याच्या हातून अनेकांचे प्राण गेले, त्याने गुरूंपुढे बसून जीव म्हणजे काय आणि कर्म कसे बांधले जाते, हेच दोन प्रश्न विचारावेत, यात मला त्या हिशेबाची सुरुवात दिसते.

व्यापारी वाचकांना आनंद वाटेल अशी आणखी एक गोष्ट. मुधोळकडच्या बांगड्या विकणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा विद्येच्या ओढीने घर सोडून श्रवणबेळगोळला आला. चामुंडरायांच्या आश्रयाने आणि अजितसेनाचार्यांच्या शिकवणीने तो वाढला. हाच पुढे 'अजितपुराण' लिहिणारा कन्नडचा महाकवी रन्न. आश्रयदात्याची आठवण म्हणून त्याने आपल्या मुलाचे नाव 'राय' ठेवले. एखाद्या मुलाचे शिक्षण उचलून धरण्याचे पुण्य किती पिढ्या पुरते, याचे हे उदाहरण आहे.

बाहुबलीच का?

प्रचलित कालगणनेनुसार 981 मध्ये विंध्यगिरीवरील मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. परंपरेनुसार माता काळलादेवींना पोदनपूरच्या बाहुबली मूर्तीच्या दर्शनाची ओढ लागली होती. त्यांना घेऊन निघालेल्या चामुंडरायांना मार्गात स्वप्नदृष्टांत झाला आणि चंद्रगिरीवरून समोरच्या डोंगरावर बाण सोडताच तेथे भगवंतांचे रूप प्रकटले, अशी कथा आहे. कथा श्रद्धेची आहे. परंतु सेनापतीचा शेवटचा लक्षात राहिलेला बाण जीव घेण्यासाठी सुटला नाही, हा तिच्यातील भाव सुंदर आहे.

बाहुबली तीर्थंकर नव्हते. चोवीसांपैकी कोणाचीही प्रतिमा करविता आली असती. त्यांचीच का करविली, याचे कारण चामुंडरायांनी स्वतः लिहून ठेवलेले नाही. परंतु मूर्तीच्या तीनच वर्षे आधी त्यांच्या हातून जी कथा कन्नडमध्ये उतरली, तीत याचा माग सापडतो, असे मला वाटते.

भगवान ऋषभदेवांचे दोन पुत्र, भरत आणि बाहुबली, राज्यासाठी समोरासमोर उभे ठाकले. दोन्ही सेना सज्ज झाल्या. तेव्हा मंत्र्यांनी विचार केला, की हे दोघेही चरमशरीरी आहेत, त्यांना काही व्हावयाचे नाही. मरतील ते सैनिक. म्हणून दोघांनीच आपसांत लढावे असे ठरले : दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. मल्लयुद्धात त्यांनी भरताला वर उचलले, पण ज्येष्ठ बंधूला भूमीवर आपटले नाही, खांद्यावर घेतले. अपमानाने संतापलेल्या भरताने चक्र सोडले. चक्राने बाहुबलींना प्रदक्षिणा घातली आणि ते शांत झाले. त्या क्षणी बाहुबलींनी जिंकलेले राज्य भावाला देऊन टाकले आणि वनाची वाट धरली. वर्षभर ते एका जागी उभे राहिले. पायांशी वारुळे उठली, अंगावर वेली चढल्या. मूर्तीवर आजही त्या वेली आणि ती वारुळे आपण पाहतो.

ही कथा एखाद्या कवीने वाचणे वेगळे आणि सेनापतीने वाचणे वेगळे. युद्ध दोघांपुरते ठेवा म्हणजे हजारो वाचतील, हा मंत्र्यांचा सल्ला, ज्याने आपल्या सैनिकांचे मृतदेह मोजले आहेत त्याच्या कानी किती खोलवर गेला असेल! आणि ज्याने भावासाठी सूड घेतला, त्याच्यापुढे बाहुबली उभे होते : हात वर गेलेला, वैरी पूर्ण ताब्यात, सूड घेण्यास कोणाचीच आडकाठी नाही, आणि तरीही थांबलेले. चामुंडरायांनी आयुष्यभर जे विजय मिळविले, त्यांतला एकही त्यांनी डोंगरावर कोरविला नाही. त्यांनी कोरविला तो न घेतलेला विजय.

उरलेला काटा

तरीही कथा येथे संपत नाही. पहिल्या अभिषेकाच्या वेळी चामुंडरायांच्या मनात अभिमान डोकावला, असे परंपरा सांगते. घडेच्या घडे दूध ओतले, पण ते मूर्तीच्या नाभीखाली उतरेना. तेव्हा एका वृद्धेने गुळ्ळकायी नावाच्या लहानशा फळाच्या करवंटीत आणलेले थोडेसे दूध वाहिले आणि ते चरणांपर्यंत पोहोचले. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही भगवंतांच्या समोर उभी आहे. रणांगण सुटले, शास्त्र आत्मसात झाले, मूर्ती उभी राहिली, आणि तरीही 'मी करविले' हा काटा उरला होता. बाहुबलींच्या कथेतही वर्षभराच्या तपानंतर मनात एक बारीकसे शल्य उरलेच होते. दान देणाऱ्या प्रत्येक हाताने हा प्रसंग आठवावा. कोनशिलेवरील नावाची अक्षरे मोठी करून घेताना तर अवश्य आठवावा.

विंध्यगिरीवरच 'त्यागद ब्रह्मदेव' नावाचा कोरीव स्तंभ आहे. चामुंडराय तेथे दान देत असत, असे सांगतात. त्यावर त्यांच्या पराक्रमांचा सविस्तर लेख होता. पुढे कोणा हेग्गडे कण्णाने स्वतःचा लहानसा लेख कोरण्यासाठी त्यातील बराचसा भाग खरवडून टाकला. युद्धांची यादी अशी पुसली गेली. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेनंतर वर्षभरातच, 982 मध्ये, राष्ट्रकूटांचा अखेरचा वारस चौथा इंद्र याने याच श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतली. 1004 च्या सुमारास चोळांनी तलकाड घेतले आणि गंग राज्यही संपले. ज्या राज्यासाठी ती सारी युद्धे झाली, ते मूर्तीनंतर पाव शतकही धड टिकले नाही. मूर्ती हजार वर्षांहून अधिक काळ उभी आहे, आणि दर बारा वर्षांनी तिच्या महामस्तकाभिषेकाला लक्षावधी लोक जमतात. तिच्या प्रेरणेने आपल्या कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरही 28 फुटांची प्रतिमा उभी राहिली.

चरणांजवळच्या मराठी लेखात दुसरेही एक नाव आहे : 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. मूर्तीभोवतीचा प्राकार बांधणारा हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती होता. 1116 च्या सुमारास त्यानेच तलकाड चोळांकडून परत जिंकून घेतले. एका विजयानंतर राजाने 'हवे ते माग' म्हटले, तेव्हा त्याने एक गाव मागितले आणि ते आपल्या मातेने व पत्नीने उभारलेल्या जिनालयांना देऊन टाकले. मराठीच्या त्या दोन ओळी, अशा रीतीने, दोन सेनापतींच्या आहेत. आणि दोघांच्याही एकाही लढाईचे नाव त्यांत नाही.

आपल्यापैकी थोड्यांच्याच वाट्याला रणांगण येते. परंतु भरत आणि बाहुबली आपल्या पेढ्यांवर, गाळ्यांत आणि कारखान्यांत रोज समोरासमोर उभे असतात. वडिलोपार्जित दुकानाची वाटणी, भागीदारीचा वाद, एका इमारतीवरून वर्षानुवर्षे चाललेला दावा. दोघे भाऊ लढतात आणि होरपळतात ते पुतणे, सुना, वीस वर्षे काम केलेले मुनीम आणि हमाल. तेव्हा मंत्र्यांचा तो पहिला सल्ला तरी आपण ऐकावा : भांडण दोघांपुरते ठेवा, सैन्य मारू नका. आणि हात वर गेलेला असताना, कायदा आपल्या बाजूने आणि समोरचा पूर्ण हरलेला असताना, त्याला आपटण्याऐवजी खांद्यावर घेता येते का, हे एकदा मनाला विचारावे. तसे करणारा हरला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. एका विजयी सेनापतीने आपले सारे ऐश्वर्य वेचून, पंचक्रोशीतून दिसेल अशा उंचीवर, त्याचीच मूर्ती करविली.

जय जिनेंद्र.